जुनाट पाठदुखी आणि मनात साठलेला ताण: बरं होण्याची वाट

पाठ किंवा कंबर तीन महिन्यांहून जास्त काळ दुखत राहिली, की आम्ही डॉक्टर तिला जुनाट पाठदुखी म्हणतो. पुण्यातल्या माझ्या दवाखान्यात असा रुग्ण येतो तेव्हा त्याच्या हातात बहुतेक वेळा एक जाड फाईल असते. दोन एक्स-रे, एक एमआरआय, व्हिटॅमिन डी आणि बी-१२ चे रिपोर्ट, तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आणि पिशवीत गुंडाळून ठेवलेला कमरेचा पट्टा. निदान त्याने स्वतःच केलेलं असतं. 'मणक्यात गॅप आलाय', 'गादी सरकलीये', 'नस दबलीये'. त्या फाईलमध्ये सहसा न सापडणाऱ्या एका कारणाबद्दल हा लेख आहे: लांबलेला ताण, आणि बोलता न आल्यामुळे गिळून टाकलेल्या भावना.

पुढे वाचण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ताणामुळे होणारी पाठदुखी ही खोटी, काल्पनिक किंवा 'मनाचे खेळ' नसते. लाजेने चेहरा लाल होतो तो खराच लाल होतो. परीक्षेच्या सकाळी पोटात कळ येते ती खरीच असते. पाठीचंही तसंच आहे. कारण मनाशी जोडलेलं असलं तरी दुखणं शरीरातच होतं.

आधी हे तपासून घ्या

आजार नाही याची खात्री झाल्याशिवाय 'हे ताणाचं आहे' असं कुणीही म्हणू नये, रुग्णानेही नाही आणि डॉक्टरनेही नाही. पाठदुखीबरोबर लघवी अडत असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला असेल, किंवा पायातली ताकद कमी होऊन चप्पल पायातून निसटत असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. यात दोन दिवस थांबणंही महागात पडतं.

संध्याकाळी येणारा बारीक ताप, भूक मंदावणं, वजन उतरणं आणि रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, अशी लक्षणं दिसली तर आपल्याकडे मणक्याचा टीबी डोक्यात ठेवावाच लागतो. कधीकाळी कॅन्सरचे उपचार झाले असतील, बरीच वर्षं स्टिरॉइड चालू असतील, किंवा वय झालेलं असताना साधं घसरून पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तरी तपासणी हवी. विशी-तिशीतल्या रुग्णाची पाठ सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडते, आराम केल्यावर वाढते आणि हालचाल केल्यावर सुटते, तेव्हा मणक्याच्या संधिवाताची शक्यता असते. त्यावर आज चांगले उपचार आहेत आणि ते लवकर सुरू व्हायला हवेत.

यातलं काही नसेल, डॉक्टरने हात लावून नीट तपासलं असेल, पायांची ताकद आणि संवेदना ठीक असतील, तर उरलेला लेख तुमच्यासाठी आहे. पाठदुखीच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये असा एखादा ठरावीक आजार सापडत नाही.

एमआरआयमधल्या 'बल्ज'चं काय?

'पण डॉक्टर, एमआरआयमध्ये तर दिसतंय ना!' हा प्रश्न दर आठवड्याला येतो आणि तो रास्त आहे. १९९४ साली अमेरिकेत ९८ लोकांचे कमरेचे एमआरआय काढले. त्यांच्यापैकी कुणाचीही पाठ दुखत नव्हती. तरीही अर्ध्याहून थोड्या जास्त लोकांमध्ये किमान एका ठिकाणी मणक्यातली गादी फुगलेली दिसली. २०१५ साली अशा ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. काहीही न दुखणाऱ्या लोकांमध्येही गादी झिजल्याच्या खुणा विशीत ३७ टक्के, चाळिशीत ६८ टक्के आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के लोकांत होत्या.

म्हणजे गादीची झीज ही बऱ्याचदा पिकलेल्या केसांसारखी असते. ती वयाची खूण असते, रोगाची असतेच असं नाही. कधीकधी गादी खरोखर नस दाबते. मग दुखणं कमरेतून पायात, अगदी पावलापर्यंत एका ठरावीक पट्ट्यात उतरतं, मुंग्या येतात, ताकद कमी होते. तेव्हा रिपोर्ट आणि तपासणी एकमेकांशी जुळतात. नुसता रिपोर्ट बोलत असेल आणि शरीर काही वेगळंच सांगत असेल, तर मी शरीराचं ऐकतो. हे शिकायला मला वेळ लागला, आणि त्याची किंमत माझ्या एका रुग्णाने मोजली.

एका शिक्षिकेची पाठ

ही गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय त्रेचाळीस, शाळेत शिक्षिका. लादी पुसताना कमरेत चमक भरली आणि मग ती गेलीच नाही, अशी तक्रार घेऊन त्या आल्या. एमआरआयमध्ये शेवटच्या दोन मणक्यांजवळ गादी थोडी फुगलेली होती. मी रिपोर्ट वाचला आणि म्हणालो, 'गादी बाहेर आली आहे. वाकू नका, वजन उचलू नका, जमिनीवर बसू नका.' तीन वाक्यं, एक मिनिटही लागलं नसेल.

दोन वर्षांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा त्या तीन वाक्यांनी त्यांचं आयुष्य आक्रसून टाकलेलं होतं. हळदीकुंकवाला जाणं बंद, कारण सगळ्याजणी सतरंजीवर बसणार. स्कूटर बंद. वर्गात खुर्ची. घरातली बादली मुलगा उचलायचा. दिवसभर पट्टा. ट्रॅक्शन झालं, एका ठिकाणी ऑपरेशनचा सल्लाही मिळाला होता. दुखणं मात्र वाढलेलं, आणि आता मानेत आणि खांद्यातही पसरलेलं.

त्या दिवशी ओपीडी रिकामी होती म्हणून मी निवांत विचारलं: चमक भरली त्या सुमारास घरात काय चाललं होतं? 'विशेष काही नाही,' त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, 'वडिलांच्या घराच्या सह्या झाल्या होत्या, त्याच महिन्यात.' गावाकडचं घर भावाच्या नावावर व्हावं म्हणून बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या. आईचं शेवटचं आजारपण त्यांनी काढलं होतं, भाऊ दोनदा येऊन गेला होता. सह्या करताना त्यांना कुणी विचारलं नाही, कागद पुढे सरकवला. 'तुम्हाला राग आला?' असं विचारलं तर म्हणाल्या, 'भावावर कसला राग? आमच्यात तसं नसतं.' आणि हे म्हणताना त्यांचा हात कमरेवर गेला.

हात कमरेवर गेला म्हणून निदान होत नाही. पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते महत्त्वाचं होतं. दुखणं राखीपौर्णिमेच्या आणि भाऊबीजेच्या आठवड्यात अंथरुणाला खिळवायचं. मे महिन्यात मैत्रिणींबरोबर कोकणात गेल्या तेव्हा एसटीत सहा तास बसूनही पाठ दुखली नव्हती. जी गादी पुण्यातल्या खुर्चीत अर्धा तास सहन करत नव्हती, तीच एसटीच्या बाकावर सहा तास गप्प होती. फुगलेली गादी प्रवासाला निघण्यापूर्वी घरी ठेवून जाता येत नाही.

धोक्याचा भोंगा

हे कसं होतं? वेदना म्हणजे शरीरातल्या इजेचं मोजमाप करणारा मीटर, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात वेदना हा मेंदूने वाजवलेला धोक्याचा भोंगा आहे. शरीराकडून येणारे संदेश, आजूबाजूची परिस्थिती, जुने अनुभव आणि भीती हे सगळं जमेला धरून मेंदू ठरवतो की भोंगा वाजवायचा का आणि किती जोरात.

१९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका २९ वर्षांच्या बांधकाम कामगाराची हकिकत छापून आली होती. त्याने उडी मारली आणि १५ सेंटिमीटर लांबीचा खिळा बुटातून आरपार गेला. जरा हलवलं तरी तो इतका विव्हळायचा की गुंगीचं औषध देऊन खिळा काढावा लागला. बूट काढल्यावर दिसलं की खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता. पायाला ओरखडाही नव्हता. तो माणूस नाटक करत नव्हता. डोळ्यांना जे दिसलं त्यावरून त्याच्या मेंदूने भोंगा पूर्ण आवाजात वाजवला होता. याच्या उलटही घडतं. मॅच रंगात असताना गुडघा फुटलेला खेळाडूला कळतही नाही, घरी आल्यावर रक्त दिसतं आणि मग दुखायला लागतं.

जुनाट पाठदुखीत हा भोंगा नाजूक झालेला असतो. सुरुवातीला खरंच स्नायू आखडला असेल, उसण भरली असेल. ती साधारण काही आठवड्यांत बरी होते. पण त्या काळात माणूस भेदरलेला असेल, झोप मोडलेली असेल, 'आता आपलं काही खरं नाही' असं वाटत असेल, तर मज्जासंस्था सावधच राहते. पाठीचे स्नायू सतत ताठ राहतात. साध्या वाकण्यालाही मेंदू धोका समजतो. दुखेल या भीतीने माणूस हालचाल टाळतो, हालचाल टाळल्याने स्नायू कमजोर आणि ताठ होतात, ते लवकर दुखतात, आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. या फेऱ्यात सगळ्यात जास्त तेल डॉक्टरांची बेसावध वाक्यं ओततात. 'तुमचा मणका साठीतल्या माणसासारखा झालाय' हे चाळिशीतल्या माणसाला सांगणं म्हणजे त्याच्या भोंग्याचा आवाज वाढवणं.

गिळलेला राग पाठीत कसा येतो?

राग, दुःख, अपमान, अपराधीपणा या शरीरातून जाणाऱ्या गोष्टी आहेत. राग आला की जबडा आवळतो, खांदे वर जातात, पाठ ताठते, श्वास वरच्या वर होतो. भांडण झालं, रडू आलं, बोलून मोकळं झालं की हे सुटतं. बोलायची सोय नसेल तर शरीर त्याच पवित्र्यात अडकून राहतं. मराठीत आपण याला 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' म्हणतो. यात मार शरीराला बसतो हे म्हण तयार करणाऱ्याला ठाऊक असावं.

न्यूयॉर्कमधले डॉ. जॉन सार्नो यांनी १९८० च्या दशकापासून ठामपणे मांडलं की बहुतेक जुनाट पाठदुखी दाबलेल्या रागामुळे होते. त्यांचं १९९१ चं पुस्तक वाचून बरे झाल्याचं असंख्य लोक सांगतात. माझं मत असं: सार्नोंनी योग्य दिशेला बोट दाखवलं, पण कारण सांगताना ते फार पुढे गेले. स्नायूंचा प्राणवायू कमी होऊन पाठ दुखते हे त्यांचं स्पष्टीकरण सिद्ध झालेलं नाही. प्रत्येक पाठीत राग शोधणंही चूक आहे. काहींच्या पाठीत फक्त अपुरी झोप आणि बारा तासांची खुर्ची असते.

मात्र ताण आणि पाठदुखीचा संबंध पक्का आहे. बोइंग या विमान कंपनीतल्या ३,०२० कामगारांचा काही वर्षं पाठपुरावा करून १९९१ साली निष्कर्ष छापले गेले. ज्यांना आपलं काम जवळजवळ कधीच आवडत नव्हतं, त्यांच्यात पाठदुखीची तक्रार नोंदवण्याचं प्रमाण काम आवडणाऱ्यांच्या अडीच पट होतं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांमधल्या सततच्या थकव्याचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. विषय पाठदुखीचा नव्हता, पण आम्हा डॉक्टरांच्या सवयीवर त्याने नेमकं बोट ठेवलं. बाई थकवा म्हणाली की आपण हिमोग्लोबिन बघतो. त्या अभ्यासात थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो मानसिक त्रासाशी आणि घरात बाई म्हणून सोसाव्या लागणाऱ्या गोष्टींशी.

'ही सगळी हिंजवडीच्या आयटीवाल्यांची दुखणी' असंही ऐकू येतं. सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुण्यातल्या केंद्राने १९९६ साली घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. सांधे, स्नायू, पाठ यांच्या दुखण्याची तक्रार सुमारे १८ टक्के प्रौढांनी सांगितली. त्यात आमवातासारखा ठरावीक आजार असलेले फार थोडे, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. बऱ्याच जणांचं दुखणं कुठल्याही एका रोगाच्या नावात बसत नव्हतं. शेतातल्या कष्टांचा त्यात वाटा असणारच. पण नाव नसलेलं दुखणं खेड्यातही भरपूर आहे.

माझं दुखणं या प्रकारचं आहे का?

काही खुणा मी नेहमी विचारतो. दुखणं आयुष्यातल्या एखाद्या मोठ्या घटनेच्या आगेमागे सुरू झालं का? घरातला मृत्यू, नोकरी जाणं, मुलाचं परदेशी जाणं, कर्ज, कोर्टाची तारीख, लग्न. लग्नासारखी चांगली घटनासुद्धा चालते, ताण तोही असतो. दुखणं जागा बदलतं का, आज कंबर, उद्या खांदा? एकच हालचाल घरी दुखते आणि सहलीत दुखत नाही, असं होतं का? रविवारी संध्याकाळी सोमवारच्या विचाराने वाढतं का? आधी कधी अर्धशिशी, अ‍ॅसिडिटी, पोट बिघडणं, धडधड असे त्रास येऊन गेले आहेत का, एक थांबला की दुसरा सुरू झाल्यासारखे?

आणखी एक प्रश्न स्वभावाचा. घरात सगळ्यांचं करणारी, कुणालाही 'नाही' न म्हणणारी, स्वतःच्या चुकीला माफी नसलेली माणसं मला या यादीत वारंवार दिसतात. बायका आणि पुरुष दोन्ही. पुरुष रडत नाहीत आणि बायका चिडत नाहीत, असं आपण लहानपणापासून शिकवलेलं असतं. अनेक घरांत पाठदुखी हे थांबण्याचं एकमेव मान्य कारण असतं. 'मला आज कंटाळा आलाय' म्हणणाऱ्या सुनेला खुर्ची मिळत नाही, 'पाठ धरलीये' म्हणणारीला मिळते. ती हे ठरवून करत नाही. तिच्या मज्जासंस्थेला कुठे थांबायला मिळतं ते कळलेलं असतं, इतकंच.

यातल्या चार-पाच गोष्टी जुळल्या आणि आजार नसल्याचं डॉक्टरने सांगितलं असेल, तर या दिशेने उपचार करून बघण्यासारखे आहेत.

बरं होताना

अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये १५१ जुनाट पाठदुखीच्या रुग्णांवर केलेली चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्यांचं दुखणं सरासरी दहा वर्षं जुनं होतं. एका गटाला चार आठवडे मानसोपचार दिले. त्यात मुख्य भाग हा की, दुखणं म्हणजे इजा नाही, तो मेंदूचा चुकीचा भोंगा आहे, हे अनुभवातून पटवून देणं आणि भीती न बाळगता हालचाल करायला शिकवणं. शेवटी या गटातले ६६ टक्के लोक वेदनामुक्त किंवा जवळजवळ वेदनामुक्त झाले. खोटं औषध दिलेल्या गटात हे प्रमाण २० टक्के, नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्या गटात १० टक्के. ही एक चाचणी आहे, आणि त्यातल्यांचं दुखणं सौम्य ते मध्यम होतं, त्यामुळे प्रत्येकाला असाच फरक पडेल असं मी म्हणणार नाही. २०२४ साली निवृत्त सैनिकांवर, ६० ते ९५ वयाच्या १२६ जणांवर, भावना ओळखून व्यक्त करण्याच्या उपचारांची चाचणी झाली. दुखणं किमान ३० टक्क्यांनी कमी झालेले या गटात ६३ टक्के होते, विचार बदलण्यावर भर देणाऱ्या नेहमीच्या मानसोपचाराच्या गटात १७ टक्के. साठीनंतर काही बदलत नाही असं मानणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा.

घरी सुरुवात हालचालीपासून करावी. दुखणं थांबल्यावर चालायला लागू असं म्हटलं तर ते कधीच होत नाही. आज दहा मिनिटं चालता येत असेल तर आठवडाभर रोज दहाच मिनिटं चाला, बरं वाटलं म्हणून एका दिवशी पर्वती चढू नका आणि दुखलं म्हणून घरी बसू नका. पुढच्या आठवड्यात बारा-तेरा मिनिटं. टाळलेल्या हालचाली एकेक करून परत आणा: आधी बुटाची नाडी बांधायला वाकणं, मग अर्धी बादली, मग पाटावर बसणं. करताना दुखलं तर मनाशी म्हणा, हा भोंगा आहे, पाठ मोडत नाहीये. हे म्हणणं पहिल्यांदा खोटं वाटतं, वाटू द्या.

योगासनांबद्दल पुण्यात विचारलं जाणारच. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि इथूनच त्यांची पद्धत जगभर गेली. त्या पद्धतीत मुरलेल्या शिक्षिकेने आखलेल्या बारा आठवड्यांच्या वर्गाची चाचणी इंग्लंडमध्ये ३१३ जणांवर झाली आणि २०११ साली छापली गेली. वर्षभरानंतरही योग केलेल्यांना पाठीची रोजची कामं जास्त चांगली करता येत होती. पण गंमत अशी की दुखण्याचा आकडा दोन्ही गटांत साधारण सारखाच होता. सुरुवातीच्या महिन्यांत योग करणाऱ्यांचा 'दुखत असलं तरी मला जमेल' हा विश्वास मात्र वाढलेला होता. माझ्या रुग्णांमध्येही हाच क्रम दिसतो. कामं आधी परत येतात, दुखणं नंतर मागे हटतं. म्हणून रोज 'किती दुखलं' याची नोंद ठेवू नका, 'आज काय जमलं' याची ठेवा.

आता भावनांचं. एक साधी वही घ्या. चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, जे कुणाला सांगितलं नाही ते लिहा. शुद्धलेखन, न्याय, सभ्यता यांची काळजी करू नका. लिहून झाल्यावर फाडून टाकलं तरी चालतं, घरात वही सापडण्याची भीती असेल तर फाडाच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात या पद्धतीचा अभ्यास सुरू केला. फायदा प्रत्येकाला होत नाही आणि झाला तरी बहुधा माफकच असतो, पण खर्च वहीचा. लिहिताना शरीरात काय होतं तिकडे लक्ष द्या: घसा दाटतो का, मुठी वळतात का. ज्या वाक्याला पाठ ताठते तिथे थांबा आणि आणखी दोन ओळी लिहा. मात्र लहानपणचा अत्याचार, हिंसा, अपघात असं काही वर येत असेल, किंवा लिहिल्यानंतर दिवसभर सावरता येत नसेल, तर हे एकट्याने करू नका. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ सोबत हवा.

त्या शिक्षिकांनी वही लिहिली. पहिले दोन दिवस भावाच्या चांगुलपणाबद्दल लिहिलं, असं त्याच हसत सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी सात पानं झाली. मी त्यांना भावाशी भांडायला सांगितलं नाही, आणि कुणालाच सांगत नाही. भावना ओळखणं आणि ती समोरच्याच्या अंगावर फेकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांनी बऱ्याच महिन्यांनी फोनवर एवढंच म्हटलं, 'सह्यांच्या वेळी मला विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं.' भाऊ गप्प बसला. घर काही परत मिळालं नाही. पट्टा तिसऱ्या महिन्यात सुटला, स्कूटर पाचव्या. मध्ये दोनदा दुखणं जोरात उलटलं, एकदा तर भाऊबीजेलाच, आणि त्या घाबरून पुन्हा एमआरआय काढू का विचारायला आल्या. तपासलं, पायांची ताकद नीट होती, नाही काढला. आठेक महिन्यांनी त्या हळदीकुंकवाला सतरंजीवर बसल्या. अजून कधीतरी दुखतं. 'दुखायला लागलं की मी आधी आठवते, आज काय गिळलं,' असं म्हणतात.

असं उलटणं जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतं. ते आलं म्हणजे सगळं फुकट गेलं असं नाही. दोन दिवस हालचाल थोडी कमी करा, शून्यावर आणू नका, आणि पुन्हा आधीच्या पायरीवर या. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नवीन दिसली तरच तातडीने डॉक्टरकडे जा.

पट्टा, ट्रॅक्शन, गोळ्या

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट पाठदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. रुग्णाला नीट समजावून सांगणं, व्यायाम आणि मानसोपचार यांची शिफारस त्यात आहे. कमरेचे पट्टे, ट्रॅक्शन आणि अफूजन्य वेदनाशामक गोळ्या नेहमीचा उपाय म्हणून देऊ नयेत असं त्यात म्हटलं आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस चालतात. दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात अल्सर आणि किडनीला इजा होऊ शकते, ज्येष्ठांनी आणि बीपी-शुगर असणाऱ्यांनी तर अजिबात परस्पर घेऊ नयेत. शेक आणि मालीश यांनी बरं वाटत असेल तर जरूर करा. पट्टा अनेक महिने वापरत असाल तर एकदम फेकू नका, रोज एक-एक तास कमी करा.

घरच्यांसाठी

दोन टोकं टाळा. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, मग कसलं दुखतंय' हे एक. माझ्या एका रुग्णाला हे वाक्य दुखण्यापेक्षा जास्त लागलं होतं. दुसरं टोक म्हणजे पाणीसुद्धा जागेवर आणून देणं आणि दर तासाला 'आता कसं आहे?' विचारणं. त्यातून मेंदूला हेच कळतं की परिस्थिती गंभीर आहे. संध्याकाळी बरोबर चालायला जा. दुखण्याशिवाय दुसऱ्या विषयावर बोला. ऐकताना उपाय सुचवू नका, 'सोडून दे' तर मुळीच म्हणू नका, ते तिला किंवा त्याला जमलं असतं तर पाठ इथवर आली नसती. आणि घरातल्या कामाची वाटणी एकदा कागदावर लिहून बघा, पाठ कुणाची दुखते आहे याचा अंदाज बऱ्याचदा तिथेच येतो.

मदत कुठे मिळेल

आधी तुमच्या फॅमिली डॉक्टरकडून एकदा नीट तपासणी, मग फिजिओथेरपिस्ट, आणि सोबत समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. तिघांनाही एकमेकांबद्दल सांगा. खासगी खर्च झेपत नसेल तर ससून रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी आहे आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण सेवा आहे. तिथे गेलं म्हणजे 'वेडं' ठरवतात ही भीती सोडून द्या, झोप आणि ताणासाठी येणाऱ्यांचीही रांग तिथे असते. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. दुखण्याला कंटाळून जगणं नकोसं वाटत असेल तर वाट बघू नका, आत्ता हा नंबर लावा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

डॉक्टरकडे जाताना फाईल न्याच. तिच्यावर एका कागदावर दोन ओळी लिहून ठेवा: दुखणं सुरू झालं तो महिना, आणि त्या महिन्यात घरात काय चाललं होतं.